बहिष्काराची मूक हिंसा

हिंसेची मोजदाद सांडलेल्या रक्तावरून करण्याची सवय समाजाला जडली आहे. खून झाला, दंगल उसळली, वस्ती पेटली, की चार दिवस हळहळ व्यक्त होते, निषेधाच्या सभा भरतात, चौकशीची मागणी होते आणि पाचव्या दिवशी सारे आपापल्या उद्योगाला लागतात. परंतु एखाद्या कुटुंबाशी गावाने वा जातीने बोलणे टाकले, त्याच्या घरच्या लग्नाला कोणी जायचे नाही असे ठरले, त्याच्या प्रेताला खांदा द्यायला माणूस मिळाला नाही, तर त्याची नोंद पोलीस ठाण्याच्या डायरीत होत नाही आणि शेजाऱ्याच्या मनातही होत नाही. ‘त्यांच्या जातीचा प्रश्न आहे, ते पाहून घेतील’ एवढ्या एका वाक्यात सभ्य समाज आपली सुटका करून घेतो. या वाक्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे नाशिक शहराने २०१३ साली पाहिले आहे.

त्या वर्षीच्या जून महिन्यात नाशकात एका पित्याने आपल्या विवाहित आणि गरोदर मुलीचा गळा आवळून खून केला. मुलीचा अपराध इतकाच होता की, तिने जातीबाहेरच्या तरुणाशी आपल्या पसंतीने लग्न केले होते. तिचे दिवस भरत आले होते. या कृत्यामागे जातपंचायतीच्या बहिष्काराचा धाक होता, ही बाब महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी पुढे आणली आणि एका कुटुंबाची म्हणून समजली गेलेली शोकांतिका सार्वजनिक प्रश्न बनली. सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये पित्याला फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये ती कायम केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून फाशीऐवजी कोणतीही सूट न देता वीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. आरोपीचे दारिद्र्यात गेलेले आयुष्य, पूर्वी कोणताही गुन्हा नसणे आणि तुरुंगातील वर्तन या गोष्टी न्यायालयाने विचारात घेतल्या.

न्यायालयाने आपले काम केले. कायद्यासमोर पुरावा एका माणसाविरुद्ध होता आणि शिक्षा त्या एका माणसाला झाली. तथापि समाजाच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपत नाही. पोटच्या मुलीच्या गळ्याभोवती दोर आवळण्याइतके पित्याचे मन कशाने दगड झाले? केवळ क्रौर्याने, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. ज्या माणसाचे अवघे जग म्हणजे त्याची जात, ज्याला नोकरी, शिक्षण, शेजार आणि सरकार यांपैकी कशाचाच आधार कधी मिळालेला नाही, त्याला जातीतून काढून टाकणे म्हणजे जिवंतपणी मृत ठरवणे होय. उरलेल्या मुलांची लग्ने कोठे होणार, अडीअडचणीला धावून कोण येणार, मेल्यावर माती कोण देणार, हे प्रश्न त्याला रात्रंदिवस पोखरत असतात. यामुळे त्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. मात्र त्या गुन्ह्याची भूमी कोणी नांगरली आणि त्यात बीज कोणी पेरले, हे विचारल्यावाचून समाजाला पुढे जाता येणार नाही.

बहिष्कार ही अडाणी, भटक्या वा मागास समाजांची रीत आहे, असा एक सोयीस्कर समज शिक्षितांमध्ये रूढ आहे. महाराष्ट्राचा इतिहास या समजाला मुळीच दुजोरा देत नाही. ‘ग्रामण्य’ हा शब्दच मुळी उच्चवर्णीयांच्या जातिव्यवहारातून आलेला आहे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून असे ग्रामण्य उठले की, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या त्यांच्या ज्ञातिबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या माणसाला पुढे भारतरत्न मिळाले, त्याला स्वतःच्या गावात आणि स्वतःच्या घरात परका होऊन राहावे लागले. रानडे आणि कर्वे यांच्यासारख्या विद्वान, प्रतिष्ठित आणि पोटापाण्याची निश्चिंती असलेल्या पुरुषांना जे शस्त्र इतके जखमी करू शकत होते, ते पालावर राहणाऱ्या माणसाचे काय करीत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

आणि नाशिकला तर हे शस्त्र फार जवळून परिचित आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात उभे राहिले. हजारो स्त्रीपुरुष शिस्तीने मंदिराच्या दारांशी जमले आणि दारे बंद राहिली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या प्रसंगी दगडफेक झाली, तिची आठवण इतिहासात राहिली. पण त्या दगडांपेक्षा अधिक खोल घाव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत बसले. सत्याग्रहाचा सूड म्हणून तेथे अस्पृश्यांना रस्ते बंद झाले, मुलांना शाळेतून हाकलण्यात आले, बाजारात जिन्नस मिळेनासे झाले. सत्याग्रह पाच वर्षे रेंगाळला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दगडाची जखम भरून येते. संपूर्ण समाजाने एकजुटीने पाठ फिरवल्याची जखम भरत नाही, हा त्या पाच वर्षांचा अर्थ आहे.

बाबासाहेबांनी बहिष्काराच्या या हत्याराचे स्वरूप कायद्याच्या अभ्यासकाच्या नजरेने ओळखले होते. अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. उघड मारहाणीपेक्षाही बहिष्काराने दलितांचा कणा कसा मोडला जातो, हे त्या समितीपुढे आले. जमीन ज्याची नाही आणि मजुरीवर ज्याचे पोट आहे, त्याला हक्क दिले तरी ते बजावण्याच्या दिवशीच त्याचे काम बंद करता येते, ही त्यातील खरी मेख होती. म्हणूनच १९४७ साली राज्यघटनेसाठी सादर केलेल्या आपल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. बहिष्काराचा गुन्हा म्हणून स्पष्ट उल्लेख मात्र तीत आला नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्याने या दिशेने एक पाऊल टाकले होते. १९४९ मध्ये जाती व पंथांतून होणाऱ्या बहिष्काराला बंदी घालणारा कायदा झाला. परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा जो हक्क घटनेने दिला आहे, त्यात धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करण्याचा अधिकारही येतो, असे बहुमताचे मत पडले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. माणसाला समाजातून काढून टाकणे ही केवळ धर्माची बाब राहत नाही, ती त्याच्या नागरी हक्कांवर आघात करते, ही त्यांची भूमिका होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे सोपवला, यावरून त्या एकाकी मताचे वजन लक्षात यावे. मधली पन्नासहून अधिक वर्षे महाराष्ट्रात बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र असे प्रभावी कायद्याचे संरक्षण नव्हते.

ही पोकळी भरून निघण्यास नाशिकची घटना निमित्त झाली. तिच्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ हे अभियान नाशकातून सुरू केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यात अग्रभागी होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे निर्दोष सुटले. नेता गेल्यावरही अभियान थांबले नाही. वर्षानुवर्षे मुकाट्याने दंड भरणारी, पंचांपुढे नाक घासणारी, वाळीत पडलेली कुटुंबे निरनिराळ्या जिल्ह्यांतून पुढे येऊ लागली. रायगड जिल्ह्यातून तर गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक आल्या आणि हा रोग केवळ भटक्या जमातींच्या पंचायतींपुरता नाही, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले. काही जातपंचायती समजुतीने बरखास्तही झाल्या. अखेर एप्रिल २०१६ मध्ये राज्य विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा एकमताने संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर जुलै २०१७ पासून तो अमलात आला.

हा कायदा चांगला आहे, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. लग्नकार्य व अंत्यविधी यांत अडथळा आणणे, देवघेव तोडणे, शाळा, दवाखाना, विहीर, रस्ता वा स्मशान यांचा वापर नाकारणे अशा बहिष्काराच्या नाना रूपांची त्यात गणना केली आहे. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. दंडाची रक्कम पीडिताला भरपाई म्हणून देता येते. बहिष्काराचा निर्णय घेण्यासाठी भरणारी बैठक थांबवण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाला आहे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढावा, अशी अपेक्षाही त्यात आहे. कागदावर याहून अधिक मागणे कठीण आहे.

पण कायदा कागदावरून माणसापर्यंत पोचतो तो तक्रारीच्या वाटेने, आणि ही वाटच काट्यांनी भरलेली आहे. चोरी झालेला माणूस तक्रार करतो तेव्हा सारी आळी त्याच्या बाजूने असते. बहिष्कृत माणूस तक्रार करतो तेव्हा त्याचा साक्षीदार, त्याचा शेजारी आणि त्याचा सख्खा भाऊ हे सारे आरोपीच्या बाजूचे असतात. साक्ष देणारा स्वतः वाळीत पडण्याच्या भीतीने गप्प राहतो. पंचांचा ठराव लेखी नसतो, दंडाची पावती मिळत नाही. ठाण्यातील हवालदाराला हा ‘समाजाचा अंतर्गत मामला’ वाटतो आणि तो आपसात मिटवून घेण्याचा सल्ला देतो. न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीची सोय कायद्यात ठेवली आहे. तिचा हेतू दुरावलेली माणसे पुन्हा जोडली जावीत हा आहे. परंतु ज्या पंचांनी छळले, त्यांच्याच दडपणाखाली ‘आमचे मिटले’ असा अर्ज सादर होण्याचा धोका तीत आहे. न्यायाधीशांनी आणि सरकारी वकिलांनी अशा प्रत्येक अर्जाकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले नाही, तर ही सोय छळकर्त्यांची पळवाट ठरेल.

जातपंचायतीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो सरसकट टाकाऊ नाही. गरिबाला न्यायालयाची पायरी परवडत नाही. तारखांमागून तारखा पडतात, वकिलाची फी भागवता येत नाही. उलट पंचायत एका बैठकीत निवाडा करते, असे सांगितले जाते. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत याला इतिहासाचाही आधार आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, तारेच्या कुंपणाआड ज्यांना कोंडले आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही पोलिसांचा संशय ज्यांची पाठ सोडीना, त्यांनी पोलीस ठाण्यात न्याय मागायला जावे तरी कसे? ज्यांना राज्याने आपले मानले नाही, त्यांनी आपले वेगळे राज्य उभारले, तर त्याचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारता येणार नाही.

एवढे मान्य करूनही पंचायतीचे समर्थन होत नाही. त्या न्यायसभेत स्त्रीला स्थान नाही. ती तेथे केवळ आरोपी असते किंवा तक्रारीचा विषय असते. पंच निवडून आलेले नसतात. त्यांच्या निर्णयावर अपील नाही. दंडाचा हिशेब विचारण्याची सोय नाही. नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्यासारखी लांच्छनास्पद प्रथाही या सत्तेच्या आश्रयाने टिकून राहिली आणि तिच्याविरुद्ध प्रथम आवाज उठवला तो त्याच समाजातील शिकलेल्या तरुणतरुणींनी. आतून उठलेला हा आवाजच पंचायत म्हणजे संपूर्ण समाज नव्हे याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. गरिबाला स्वस्त आणि जलद न्याय हवा, ही मागणी रास्त आहे. तिचे उत्तर मोफत कायदेविषयक साहाय्य, तालुक्याच्या ठिकाणी सहज गाठता येणारी न्यायव्यवस्था आणि माणसाला माणूस म्हणून वागवणारे पोलीस ठाणे हे आहे. राज्याने हे पुरवण्यात दिरंगाई केली, तर पंचांची सत्ता कायद्याने मोडली तरी गरजेने पुन्हा उभी राहील.

तरीही सारा दोष शासनाच्या पदरी घालून शिक्षितांना मोकळे होता येणार नाही. जातीबाहेरच्या विवाहाला भारताच्या कायद्याने केव्हाच मान्यता दिलेली आहे. हिंदूंमधील आंतरजातीय विवाह वैध ठरवणारा कायदा १९४९ मध्ये झाला, विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये आला. महाराष्ट्र शासन आंतरजातीय विवाहासाठी पन्नास हजार रुपयांचे साहाय्यही देते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशा विवाहांना राष्ट्रहिताचे म्हटले आणि २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष स्थापन करण्याचे आदेश दिले. इतके असूनही २०११-१२ च्या भारत मानवी विकास सर्वेक्षणात देशातील जातीबाहेरच्या विवाहांचे प्रमाण सुमारे पाच टक्केच आढळले. ही पंचाण्णव टक्क्यांची भिंत पंचांनी उभारलेली नाही. ती वधूवर सूचक मंडळांच्या वह्यांतून, वर्तमानपत्रांतील ‘स्वजातीय’ स्थळांच्या जाहिरातींतून, भाड्याने खोली देताना आडनाव विचारणाऱ्या घरमालकांच्या शिष्टाचारातून उभी राहिली आहे. पालावरचा पंच जे दंडाच्या धाकाने करतो, तेच बंगल्यातील सुशिक्षित कुटुंब ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने करते. पद्धत निराळी आहे. परिणाम त्याच जातीच्या भिंती मजबूत करण्यात होतो. जातिसंस्थेचा पाया जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहांत आहे आणि तो मोडल्यावाचून जात जाणार नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिभेद निर्मूलना’वरील आपल्या भाषणात निर्भीडपणे मांडले होते.

या लढ्यात शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गांकडे दुय्यम भूमिका येत नाही. वाळीत टाकलेल्या घरातील मूल शाळेच्या पटावर असतेच. ते अकस्मात शाळेत यायचे बंद होते वा इतर मुले त्याच्याजवळ बसत नाहीत, हे शिक्षकाच्या नजरेस सर्वांच्या आधी पडते. विवाह नोंदणीच्या कार्यालयात भेदरलेले जोडपे प्रथम गाठते ते कारकुनाला. तो कारकून त्यांना कायद्याची वाट दाखवतो, की ‘आईवडिलांना घेऊन या’ असे सांगून त्यांना संकटाच्या तोंडी परत पाठवतो, यावर एखादे आयुष्य अवलंबून असू शकते. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्या वर्गातील मैत्रिणीवर घरातून आलेले दडपण पोलिसांच्या आधी कळते. कायद्याने नेमलेला अधिकारी एका जिल्ह्यात कितीसा फिरणार? त्याचे डोळे आणि कान व्हायचे ते या मंडळींनी. तक्रारदाराच्या बाजूने पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाणारा एक शेजारी मिळाला, तर कायद्याच्या अर्ध्या अडचणी दूर होतात.

२०१३ च्या जूनमध्ये नाशकात जी मुलगी मारली गेली, ती कोठल्या दूरच्या रानात राहत नव्हती. शाळा, दवाखाने, न्यायालये, वृत्तपत्रे, महाविद्यालये आणि पोलीस ठाणी असलेल्या एका मोठ्या शहरात ती राहत होती. तिच्या माथ्यावर टांगलेला धोका तिच्या आजूबाजूच्या कित्येकांना ठाऊक असणार. त्यांच्यातील एकाने वेळीच तो आपला प्रश्न मानला असता, तर काय झाले असते याचे उत्तर आता मिळणार नाही. मात्र आज, या घडीलाही, महाराष्ट्रातील कोणत्या ना कोणत्या गावात एखादे कुटुंब वाळीत पडलेले आहे आणि त्याच्या दारावरून रोज शेकडो माणसे मुकाट्याने जात आहेत. कायदा त्यांच्या पाठीशी आहे. त्या दारापाशी थांबून चौकशी करण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते नागरिकालाच करावे लागेल.